पानाला चार कडा का दिसतायत? घरगुती मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याची खटपट, मदत हवी

उचापत्या (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसताच वाचत पडलोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, गाव तासगावकडचं. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे, ती बाबा आणि मोठा भाऊ बघतात. मी दर दुसऱ्या शनिवारी जातो आणि बागेत कॅमेरे घेऊन फिरतो, याला बाबा "खूळ" म्हणतात. खूळ असं की चार छोटे मोनो कॅमेरे एका ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चौकोनात बसवलेत, एकमेकांपासून ४ सेंटिमीटरवर, आणि प्रत्येकापुढे वेगळा फिल्टर: ५५० हिरवा, ६६० लाल, ७३० रेड-एज आणि ८५० नियर इन्फ्रारेड, सगळे आकडे नॅनोमीटरमध्ये. सेन्सर ओव्ही ९२८१, म्हणजे १२८० बाय ८००, ग्लोबल शटर (सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारं), लेन्स ६ एमएम. चौघांना एकत्र जोडणारी हॅट, म्हणजे छोटा बोर्ड, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर बसवली की चारही फ्रेम शेजारी शेजारी चिकटून एकच लांबलचक व्हिडिओ मिळतो. हे ट्रॅक्टरला लावून ओळीतून फिरवायचं आणि प्रत्येक वेलीचा हिशोब काढायचा असा बेत.

मागच्या शनिवारी पहिलं शूट केलं. वेगवेगळं बघितलं तर चारही चित्रं एक नंबर. एकावर एक ठेवली की बोंब. प्रत्येक पानाला एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी झालर, तारेच्या चार तारा, आणि एनडीव्हीआय (पानाच्या तब्येतीचा आकडा) काढला तर बागेतली सगळ्यात ठणठणीत गोष्ट म्हणजे दोन पानांमधली मोकळी हवा! ओपनसीव्ही या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून होमोग्राफी, म्हणजे एक चित्र ताणून-तिरपं करून दुसऱ्यावर बसवायचं गणित, लावून पाहिली, समोरचं पान जुळवलं की मागचं फाटतं, मागचं जुळवलं की समोरचं. तीन रात्री घालवल्यात. कुणी असलं काही केलंय का?

चिंगुडी · रविवार, सकाळी ८:१०

विषय भारी आहे पण डोक्यावरून गेला. एवढे कॅमेरे कशाला? मोबाईलने फोटो काढला तर पान पिवळं पडलेलं दिसतंच की.

उचापत्या · रविवार, सकाळी ९:०५

@चिंगुडी, पिवळं पडलेलं आपल्याला दिसतं तोवर उशीर झालेला असतो ना. हिरवं पान लाल उजेड खाऊन टाकतं, क्लोरोफिलचं तेच काम. पण नियर इन्फ्रारेड त्याच्या उपयोगाचा नाही, तो पानाच्या आतल्या पेशींवर आपटून निम्माशिम्मा परत येतो, आपल्या डोळ्याला तो दिसत नाही एवढंच. समजा लाल ५ टक्के परत आला आणि इन्फ्रारेड ५० टक्के, तर दोघांची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे ४५ भागिले ५५, ०.८२ आलं. हाच एनडीव्हीआय. पान खंगलं की लाल वाढतो, इन्फ्रारेड उतरतो, आकडा घसरतो. आणि लाल नि इन्फ्रारेडच्या मधे, ७०० ते ७५० च्या दरम्यान, परतणारा उजेड एकदम कडा चढल्यासारखा चढतो, तो रेड-एज. दाट पानोळ्यात एनडीव्हीआय वर जाऊन चिकटून बसतो, तिथे रेड-एजवालं गणित जास्त बोलतं.

मोबाईलमध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच असते आणि ती काढली तरी लाल-हिरवा-निळा तिन्ही पिक्सेल ८५० च्या आसपास सारखेच उघडे पडतात, सगळी खिचडी. म्हणून मोनो सेन्सर आणि वेगळे फिल्टर.

फोकसराव · रविवार, सकाळी ११:३३

उचापत्या भाऊ, तुमचं सॉफ्टवेअर चुकलेलं नाही, भूमिती आडवी आलीय. नाकासमोर बोट धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट उडी मारतं, भिंतीवरचं घड्याळ जागेवर राहतं. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. तुमच्या रिगला चार डोळे आहेत.

आकडे घाला की चित्र स्पष्ट होईल. फोकल लेंथ ६ एमएम, दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर ४० एमएम, पान २ मीटरवर: ६ गुणिले ४० भागिले २०००, म्हणजे सेन्सरवर ०.१२ एमएम. तुमचा पिक्सेल ३ मायक्रॉनचा, म्हणजे ४० पिक्सेलची सरक. दीड मीटरवरचं पान ५३ पिक्सेल सरकतं, अडीच मीटरवरचं ३२. होमोग्राफी एका सपाट पातळीपुरती खरी असते, तिला दोन अंतरं एकाच वेळी कशी जमणार?

ड्रोनवरच्या तयार कॅमेऱ्यांची रचना हीच असते, पाच-सहा लेन्स शेजारी शेजारी. पण ते ६० मीटरवरून बघतात. तुमचीच रिग ६० मीटरवर नेली तर ही सरक १.३ पिक्सेल उरते, अख्ख्या चित्राला सारखी. तिथे साधी जुळवणी चालून जाते. तुम्ही जवळून बघताय हाच घोळ.

ढोबळमानाने · रविवार, दुपारी १२:०२

मग ड्रोनच घ्या की. मॅविक ३ चं मल्टिस्पेक्ट्रल मॉडेल येतं, हिरवा-लाल-रेड-एज-इन्फ्रारेड चार ५ मेगापिक्सेल कॅमेरे आणि वर २० मेगापिक्सेलचा साधा. हे सुतारकाम कशाला?

उचापत्या · रविवार, दुपारी १२:४०

@फोकसराव, तुम्ही डोळे उघडलेत, चारही :)

@ढोबळमानाने, फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामं सोडून. आणि ड्रोनवाला बोलावून झालाय हो. गेल्या वर्षी एकाकडून नकाशा करून घेतला, पैसे मोजून. त्यात पश्चिमेच्या बाजूला लालभडक पट्टा आला, "नत्र कमी आहे" म्हणाला. भावाने जाऊन बघितलं, पट्टा म्हणजे बांधावरच्या आंब्याची सावली. वर आमचा मांडव, ड्रोनला मांडवाचं छप्पर दिसतं. मला खालचे घड आणि आतली पानं बघायचीत.

शटरडाऊन · रविवार, संध्याकाळी ६:२०

चाकणला मशीन व्हिजनमध्ये आहे, त्यामुळे दोन पैसे माझेही. पॅरलॅक्सचं फोकसरावांनी सांगितलंच, पण ट्रॅक्टरवर चढवणार असाल तर वेळेचाही पॅरलॅक्स आहे. २ मीटरवर तुमचा एक पिक्सेल म्हणजे पानावरचा १ एमएम. ट्रॅक्टर ताशी ४ किमीने चालला तर सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे दोन कॅमेऱ्यांत १० मिलिसेकंदांचा फरक पडला की ११ पिक्सेल गेले. लोक चार यूएसबी वेबकॅम जोडतात आणि ३० फ्रेमला "सिंक आहे" म्हणतात, त्यात अर्ध्या फ्रेमची चूक धरली तरी १६ मिलिसेकंद. तुमची हॅट चौघांना एकच ट्रिगर देत असेल तर बरं, पण मानू नका, तपासा. एलईडीची पट्टी घ्या, एकेक मिलिसेकंदाला पुढचा दिवा लागेल अशी, आणि चारही कॅमेऱ्यांना दाखवा. चारही फ्रेममध्ये एकच दिवा पेटलेला दिसला पाहिजे.

एक्स्पोजर १ मिलिसेकंदाच्या आत ठेवा नाहीतर पान पुसट होतं. ऑटो एक्स्पोजर बंद, ऑटो गेन बंद. आणि जेपेग नको, सेन्सरचा १० बिटांचा कच्चा डेटा ठेवा. जेपेगमध्ये गॅमा लावलेला असतो, म्हणजे उजेडाचे आकडे वाकवलेले असतात, मग तुमच्या वजाबाकी-भागाकाराला काही अर्थ राहत नाही.

जुनाजाणता · रविवार, रात्री ९:४८

निवृत्त माणूस आहे, आयुष्य अहमदाबादला उपग्रहांच्या चित्रांत गेलं, म्हणून राहवलं नाही. तुम्ही करताय तो उद्योग जुना आहे हो. मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ च्या खिडकीत चार हॅसलब्लाड कॅमेरे एका चौकटीत बांधून नेले होते, वेगवेगळ्या फिल्टर-फिल्मचे, एकाच वेळी क्लिक होणारे. तुमचाच पत्रा, फक्त त्यांचा महाग. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास इस्रोच्या पिशारोटी सरांनी केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर नारळाच्या बागा टिपल्या, मुळांचा रोग शोधायला. भारतातल्या रिमोट सेन्सिंगची, म्हणजे आकाशातून जमीन न्याहाळण्याची, सुरुवात शेतकऱ्याच्या झाडापासून झालीय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं.

मग जून १९७९ चा भास्कर उपग्रह, त्यावर दोन टीव्ही कॅमेरे, एक ०.६ मायक्रॉनला आणि एक ०.८ ला. म्हणजे तुमचे लाल आणि इन्फ्रारेडच. पुढे १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा उपग्रह बैकानूरहून गेला, त्याच्या लिस नावाच्या कॅमेऱ्यातसुद्धा उजेडाच्या चार पट्ट्यांना चार वेगळ्या लेन्स होत्या. ९०४ किलोमीटरवर पॅरलॅक्सचा त्रास नाही, पण चार लेन्स एकाच ठिकाणी बघतायत ना याची जुळणी तिथेही करावीच लागते. लिस-१ चा एक पिक्सेल साडेबहात्तर मीटरचा, म्हणजे तुमची दोन एकर बाग अख्खी दीड पिक्सेल! तेव्हा आम्हाला पानाची झालर वगैरे लाड नव्हते.

चिंगुडी · रविवार, रात्री १०:१५

काका, दीड पिक्सेल :D :D वेगळा धागा काढा ना तुम्ही यावर.

कागदकिडा · सोमवार, सकाळी ७:३०

मी मोडी कागदांचं काम करते, तुमच्या बागेशी काही संबंध नाही, पण एक सांगते. तुमची वस्तू हलत नसेल तर चार कॅमेरे वापरूच नका. आम्ही एकच मोनो कॅमेरा वर टांगतो, खाली कागद, खोलीत अंधार, आणि वेगवेगळ्या रंगांचे एलईडी एकेक करून लावतो. डोळा एकच, त्यामुळे जुळवायचं काही नाही. बोरूची काजळीची शाई कार्बनची, ती इन्फ्रारेडमध्येही काळीच राहते, आणि पाण्याचे तपकिरी डाग पुष्कळदा फिके पडतात, त्यामुळे डागाखालची ओळ वर येते. पहिल्यांदा एका वतनाच्या कागदावर डागातून "सुरु सन" (सालाआधी लिहायचे ते शब्द) उगवलेलं बघितलं तेव्हा हातातला चहा गार झाला माझा.

हो, आणि जुळवणीसाठी बुद्धिबळाचा पट छापला असेल तर कशावर छापलाय ते बघा. नंतर रडू नका.

उचापत्या · सोमवार, सकाळी ९:१८

@कागदकिडा, आता रडू की नंतर? :( अहो शुक्रवारी रात्री याच्यावरच अडलो होतो आणि लाजेखातर इथे लिहिलं नाही. घरच्या इंकजेटवर पट छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, हिरव्या कॅमेऱ्याला दिसतो, लालला दिसतो, ८५० वाल्याला कोरा पांढरा कागद! कॅमेरा बिघडला म्हणून तीनदा उघडला, फिल्टर उलटा करून बघितला, केबल बदलली. मग भाऊ समोर येऊन उभा राहिला तर त्याचा काळा कुळकुळीत टी-शर्ट स्क्रीनवर राखाडी-पांढरा. तेव्हा कळेना, ट्यूब आज पेटली.

कागदकिडा · सोमवार, सकाळी ९:४०

हां. रंगद्रावणाची काळी शाई इन्फ्रारेडला पारदर्शक असते, आणि बरेचसे काळे कापडी रंगही. पिगमेंटवाली काळी शाई असेल तर दिसते. सरळ झेरॉक्सच्या दुकानात जा, लेझरवर काढा. टोनरमध्ये कार्बन असतो.

रानवारा · सोमवार, दुपारी ३:०५

मी पलूसकडचा, तीन एकर बाग. सगळं वाचलं, निम्मं कळलं. आता माझा प्रश्न. डावणी येते ती पानाच्या खालच्या अंगाला, पांढरी बुरशी. तुमचा कॅमेरा पान उलटं करून बघणार हाय का? आमच्याकडं मजूर बायका पान पालथं करून बघत्यात, त्यांचं अप्रूप न्हाई कुणाला. आणि भुरी तर डोळ्याला दिसतीच. मग हे इन्फ्रारेड नक्की काय जादा सांगणार ते सांगा, उगं हिणवत न्हाई, खरंच इचारतोय.

उचापत्या · सोमवार, रात्री ११:२०

@रानवारा दादा, बरोबर विचारलंत. "रोग ओळखणारा कॅमेरा" मी म्हणणारच नाही, जे म्हणतात त्यांच्यापासून चार हात लांब राहा. आकडा घसरला एवढंच कळतं, कशाने घसरला ते नाही. पाणी, नत्र, मूळ, बुरशी, काहीही. माझी अपेक्षा इतकीच की हजार वेलींतल्या कोणत्या वीस वेलींपाशी थांबून पान पालथं करायचं हे कळावं.

फोकसराव · मंगळवार, सकाळी १०:५०

उपाय सांगायचे राहिले होते.

पैसा असेल तर प्रिझमवाला कॅमेरा: एकच लेन्स, आत प्रिझम उजेड फाडून वेगवेगळ्या सेन्सरवर टाकतो, पॅरलॅक्स शून्य. किंवा मोझेक सेन्सर, प्रत्येक पिक्सेलवरच फिल्टर, ४ बाय ४ च्या ठिपक्यांत १६ पट्टे. पण मग प्रत्येक पट्ट्याला रुंदीला पाव आणि उंचीला पाव एवढंच चित्र उरतं. फिरणारं फिल्टर-चाक स्वस्त पडतं, पण हलत्या ट्रॅक्टरवर काही खरं नाही.

तुमच्या बजेटात मला एकच दिसतं, खोली मोजा, म्हणजे कुठलं पान किती लांब आहे ते. लाल आणि इन्फ्रारेड चित्रांवरून ती नीट मोजता येत नाही, कारण पान लालमध्ये काळं आणि इन्फ्रारेडमध्ये पांढरं, जुळवणाऱ्या प्रोग्रामचा पार गोंधळ उडतो. म्हणून हिरव्याला सुट्टी द्या आणि त्या जागी दुसरा ८५० बसवा. दोन ८५० म्हणजे सरळसोट स्टिरिओ जोडी, आपल्या दोन डोळ्यांसारखी. त्यांच्यातून प्रत्येक पिक्सेलचं अंतर काढा आणि त्या अंतराप्रमाणे लाल नि रेड-एज सरकवा. जिथे एका कॅमेऱ्याला दिसतं आणि दुसऱ्याला पान आडवं येतं, तिथे आकडा काढूच नका, रिकामं सोडा.

दुसरं, फिल्टर लेन्सच्या पुढे आहे ना? हे इंटरफेरन्स (पातळ थरांचे) फिल्टर तिरक्या उजेडाला आपला पट्टा निळ्याकडे सरकवतात. तुमच्या लेन्सला कोपऱ्यात कोन साधारण २० अंशांचा, म्हणजे ७३० चा फिल्टर तिथे ७१८-७१९ च्या आसपास बसतो. रेड-एजचा चढ इतका उभा की मधलं पान आणि कोपऱ्यातलं पान वेगळं दिसणार, दोन्ही एकाच वेलीची असली तरी. कोपरे कापून मधलाच भाग वापरा.

शटरडाऊन · मंगळवार, दुपारी १:१५

+१. आणि मांडवाखालच्या उजेडाचं काय? वरच्या पानांनी लाल खाऊन टाकलेला, इन्फ्रारेड तेवढा गाळून खाली आलेला. त्या उजेडात आजारी पानही ठणठणीत दिसेल. वर ढग आला-गेला तर वेगळंच. पांढरा संदर्भ ठेवता की नाही फ्रेममध्ये? साधा कागद नको, आरपार उजेड जातो. टेफ्लॉनची जाड पाटी बघा, दिसणाऱ्या उजेडापासून इन्फ्रारेडपर्यंत बऱ्यापैकी सारखी पांढरी असते.

जमलं तर रात्री शूट करा, स्वतःचा उजेड नेऊन. फक्त एलईडी हेडलाइट नको, पांढऱ्या एलईडीत ८५० जवळजवळ नसतोच, तुमचा इन्फ्रारेड कॅमेरा आंधळा होईल. जुना हॅलोजन चांगला, त्यात इन्फ्रारेड रग्गड.

ढोबळमानाने · मंगळवार, दुपारी २:००

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उचापत्या · तिसऱ्या आठवड्यातला रविवार, रात्री १०:३७

अपडेट. दोन आठवडे गायब होतो, कारण हेच काम चाललं होतं.

हिरवा काढून दुसरा ८५० बसवला. पट लेझरवर छापला, चारही कॅमेऱ्यांना दिसला, बाबांना पेढा दिला, त्यांना कारण सांगितलं नाही. एलईडी पट्टीची परीक्षा घेतली, चौघंही एकाच दिव्यावर. मग काल रात्री साडेनऊला भावाच्या ट्रॅक्टरला दोन जुने हॅलोजन तारेने बांधले, मी मागे डब्यावर लॅपटॉप घेऊन, भाऊ पहिल्या गिअरमध्ये, आई बांधावरून "पायात बूट घाल, साप असत्यात" असं ओरडतेय. लाल कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून एक्स्पोजर २ मिलिसेकंद करावं लागलं, कडा दोनेक पिक्सेल पुसट आहेत, मान्य. सुरुवातीला आणि शेवटी टेफ्लॉनची पाटी धरली.

झालर गेली! पानाची कड एकच, शिरा दिसतात, तारसुद्धा एकच. जिथे पान पानावर चढलंय तिथे पांढरे ठिगळ आहेत, ते फोकसरावांनी सांगितल्याप्रमाणे मुद्दाम सोडलेत. बघायला जाळी खाल्ल्यासारखं दिसतं, पण निदान खोटं नाही.

आणि आता गंमत. नकाशात सातव्या ते अकराव्या ओळीत आकडा पडलेला, सगळीकडे सारखा. मी घामाघूम. पहाटे बाबांना उठवून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, ओळी मोजल्या, म्हणाले, "शुक्रवारी इथंवरच बोर्डो मारला, पंपाचा पाइप फुटला म्हणून बाराव्यापासनं ऱ्हायलंय." म्हणजे माझा कॅमेरा मोरचूद-चुन्याचा थर मोजत होता! हिशोब केला, पांढुरक्या थराने लाल समजा ५ वरून १२ टक्क्यांवर गेला आणि इन्फ्रारेड तसाच राहिला, तर ०.८२ चा ०.६१ होतो. अगदी आजारी वेल.

जुनाजाणता · तोच दिवस, रात्री ११:०५

शाब्बास. आम्ही याला जमिनीवरची पडताळणी म्हणायचो, तुमच्याकडे तिला बाबा म्हणतात. त्यांची फवारणीची वही असेल तर तिच्या तारखा तुमच्या डेटाला जोडून ठेवा.

उचापत्या · सोमवार, सकाळी ८:४५

@जुनाजाणता काका, वही आहे, दिनदर्शिकेच्या मागच्या पानांवर, आजच फोटो मागवतो. आता ऑक्टोबर छाटणीनंतर नवी पानं आली की पुन्हा पहिल्यापासून, दर आठवड्याला त्याच ओळी.

रानवारा · सोमवार, दुपारी १२:२०

उचापत्या भाऊ, छाटणी झाली की आमच्याकडं पण आणा तुमचं यंत्र. हॅलोजन माझ्याकडं हायेत, चांगले चार. फक्त यायच्या आदल्या दिवशी फोन करा, म्हंजे बोर्डो तुम्ही गेल्यावर मारतो.